सीमेपलीकडचं घर



मुलांसाठी वाचनालय उभं करणाऱ्या एका शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. त्यामुळे इथं बोलायचं तर मुलांविषयीच बोलावं असं मनात होतं. युद्धामुळे, छळामुळे घरदार सोडावं लागलेल्या कुटुंबांच्या गोष्टी मुलांच्या सिनेमात कशा येतात आणि त्यांतल्या कोणत्या आपण आपल्या मुलांना आवर्जून दाखवाव्यात, हा आजचा विषय आहे. कोल्हापुरात तो मांडण्याला एक खास कारण आहे, त्याकडे मी बोलण्याच्या ओघात येईनच.

‘द साउंड ऑफ म्युझिक’चा शेवट आठवा. नात्झींच्या हातावर तुरी देऊन फॉन ट्रॅप कुटुंब आल्प्सचा हिरवा उतार चढू लागतं, समूहगानाचा स्वर टिपेला पोहोचतो आणि चित्रपट संपतो. १९६५चा हा चित्रपट पाहून इंग्लंडमधला एक आठ वर्षांचा मुलगा म्हणाला की, आई लहान होती तेव्हा तिच्या बाबतीत काय घडलं ते आता आपल्याला कळलं. त्याची आई म्हणजे ज्युडिथ कर. चहाच्या वेळी घरी येणाऱ्या वाघाचं त्यांचं चित्रपुस्तक जगभरच्या बालवाड्यांत पोहोचलं आहे. ज्युडिथचा जन्म १९२३चा, बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबातला. नवव्या वर्षी तिला देश सोडावा लागला. आपल्या मुलाला आपलं बालपण डोंगरावरच्या गाण्यासारखं वाटतंय हे पाहून त्यांनी ठरवलं की, खरं काय घडलं ते लिहायचं. त्यातून १९७१ साली ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ ही कादंबरी आली. हिटलरनं गुलाबी ससा चोरला तेव्हाची गोष्ट.

खरे फॉन ट्रॅप तरी डोंगर चढून कुठे गेले होते? १९३८ साली त्यांनी आगगाडी पकडली आणि इटली गाठली. साल्झबुर्गला खेटून जर्मनीची हद्द आहे. तिथले डोंगर ओलांडले असते तर ते हिटलरच्याच अंगणात उतरले असते. पुढे अमेरिकेत गावोगावी गाण्याचे कार्यक्रम आणि मुदतीचे परवाने. १९३९मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला उतरल्यावर अधिकाऱ्यानं विचारलं, किती दिवस मुक्काम? आता इथून कधी जायचंच नाही, असं मुलांची आई मारिया बोलून गेल्या. एवढ्यावरून कुटुंबाला काही दिवस एलिस बेटावर अडकून पडावं लागलं. मला विचाराल तर सिनेमा खरा इथं आहे. तात्पुरत्या परवान्यावर, परक्या भाषेत, आई काय बोलून गेली याचा अर्थ लावत बाकावर बसलेल्या त्या मुलांमध्ये.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांसाठीचे पुष्कळ चित्रपट पळून जाण्याच्या थरारात रमतात आणि सीमा ओलांडली की आटोपतात. रात्रीचा काळोख, कुत्र्यांचं भुंकणं, काटेरी तार, तारेपलीकडे पहाट. मुलं श्वास रोखून पाहतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. पण घर सोडलेल्या मुलाचं आयुष्य त्या पहाटेनंतर सुरू होतं. नवी शाळा, घरभाडं, न कळणारी भाषा, आणि आईबाप एकदम लहान झाल्यासारखे दिसू लागणं. जे चित्रपट त्या पुढच्या दिवसांत थांबण्याचं धाडस करतात, ते माझ्या दृष्टीनं मोलाचे.

ज्युडिथच्या कादंबरीवर कॅरोलीन लिंक या जर्मन दिग्दर्शिकेनं २०१९ साली चित्रपट केला. ज्युडिथ त्याच वर्षी मे महिन्यात वारल्या आणि चित्रपट जर्मनीत नाताळच्या दिवशी प्रदर्शित झाला.

कथेतली ॲना म्हणजे लहानपणची ज्युडिथ. तिचे वडील नामांकित नाट्यसमीक्षक आहेत. ज्युडिथचे वडील आल्फ्रेड कर प्रत्यक्षात तसेच होते. बर्लिनच्या रंगभूमीवर त्यांचा दरारा होता आणि हिटलरवर त्यांनी जाहीरपणे कोरडे ओढले होते. १९३३च्या मार्चमधली निवडणूक तोंडावर आली असताना एका पोलिसानं फोन करून सावध केलं की, तुमचा पासपोर्ट काढून घेणार आहेत. आल्फ्रेड फ्लूनं आजारी होते. तशाच अंगात त्यांनी गाडी पकडली आणि प्राग गाठलं. मतदानाच्या आदल्या दिवशी बायको आणि दोन मुलं स्वित्झर्लंडला निघाली. दोन महिन्यांनी, १० मे रोजी, ज्या पुस्तकांच्या होळ्या पेटल्या त्यांत आल्फ्रेड यांची पुस्तकंही होती.

सामान बांधायचा प्रसंग मुलांसोबत पाहावा असा आहे. आवाज न करता, शेजाऱ्यांना सुगावा लागू न देता निघायचंय. खेळण्यांपैकी एकच घेता येईल. ॲनाकडे रंग विटलेला जुना गुलाबी ससा आहे आणि नुकताच मिळालेला लोकरी कुत्रा आहे. ती कुत्रा उचलते. काही दिवसांत परतायचंच आहे, मग नव्याशी खेळून घेऊ, हा तिचा साधा हिशेब. परतणं होत नाही. घरातलं सगळं जप्त होतं आणि ससा कायमचा जातो. हिटलर आता आपल्या सशाला कुशीत घेऊन बसला असेल, असं तिला वाटत राहतं. एका राजवटीनं लाखो माणसांचं काय काय हिरावून घेतलं, हे नऊ वर्षांच्या मुलीला यापेक्षा नेमकं कसं कळावं? आणि तिला खरं डाचतं ते हे की, निवड तिची स्वतःची होती.

कादंबरीतला आणखी एक प्रसंग सांगते. वडिलांच्या डोक्यावर हजार मार्कांचं बक्षीस लागल्याचं ॲनाच्या कानावर येतं. ती ते शब्दशः घेते. एका खोलीत बाबा बसले आहेत आणि वरून नाणी त्यांच्या डोक्यावर कोसळताहेत, हे चित्र तिला झोपू देत नाही. शेवटी वडील नीट समजावतात. पण तोपर्यंतची ती एकटीची भीती ज्युडिथनं ज्या बारकाईनं टिपली आहे, ती वाचून मी आजही थबकते. मोठ्यांच्या राजकारणाची बातमी मुलांपर्यंत अर्धवट पोहोचते आणि उरलेला अर्धा भाग मूल स्वतः रचतं. म्हणून मुलांपासून बातम्या लपवणाऱ्या घरांबद्दल मला काळजी वाटते.

या संपूर्ण चित्रपटात रणगाडा नाही, बॉम्ब नाही. १९३३ साली युद्ध सुरूच झालेलं नव्हतं. आहे ते एवढंच की, दर वेळी घर आधीच्यापेक्षा लहान होत जातं. बर्लिनच्या प्रशस्त घरातून झ्युरिचजवळचं तळ्याकाठचं गाव, तिथून पॅरिसमधली अंधारी जागा. ज्या आईनं कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, तिच्या हातून जेवण करपतं. ज्या वडिलांच्या एका वाक्यावर नाटकं उभी राहायची किंवा पडायची, ते निर्वासित जर्मनांच्या वृत्तपत्रात तुटपुंज्या मोबदल्यावर लिहितात. भाडं थकलं की पहारेकरीण टोमणे मारते, आणि ती ज्यूंना कशी पाण्यात पाहते हे मुलांना कळतं. उलट मुलं महिन्यामहिन्यानं वर येतात. शाळेत आधी एक अक्षर न समजणारी ॲना एक दिवस फ्रेंच बोलून जाते आणि आपण मनात भाषांतर केलं नाही हे तिच्या नंतर लक्षात येतं. भाऊ वर्गात पुढे जातो. वडील मात्र त्यांच्या जर्मनमध्येच राहतात. ज्याचं पोट शब्दांवर चालतं त्याचा देश गेला की हत्यारच गेलं. शेवटी नेपोलियनच्या आईवर लिहिलेली चित्रपटकथा अलेक्झांडर कोर्डा यांच्या कंपनीनं विकत घेतली आणि त्या पैशांवर कुटुंब लंडनला पोहोचलं. तो चित्रपट पुढे निघालाच नाही.

इंग्लंडमध्ये ज्युडिथचा भाऊ मायकेल याला १९४० साली शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं गेलं. नंतर तो त्याच देशाच्या हवाई दलात वैमानिक झाला आणि पुढे तिथल्या अपील न्यायालयाचा न्यायाधीश. ज्युडिथ इंग्रजी बालसाहित्यातलं मोठं नाव झाली. आल्फ्रेड यांना इंग्रजीत शेवटपर्यंत वाचक मिळाला नाही. १९४८मध्ये ते हॅम्बुर्गला गेले, तिथं पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. एकाच घरातल्या माणसांना नवा देश सारखाच मिळत नाही. मुलांना तो मिळतो, आईबाप त्याच्या उंबरठ्यावर राहतात. कादंबरी आणि चित्रपट लंडनला पोहोचून थांबतात, त्यामुळे हे सारं त्यांत येत नाही. पण त्याची चाहूल पॅरिसच्या त्या खोलीतच लागलेली असते.

कॅरोलीन लिंक यांना हा विषय कसा सापडला असेल, याचा मी विचार करते तेव्हा मला त्यांचा १९९६चा ‘बियाँड सायलेन्स’ आठवतो. त्यात निर्वासित कोणी नाही. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलगी लारा, बँकेत आणि शाळेत आईवडिलांसाठी दुभाषी म्हणून बसते. शिक्षिका तिच्या अभ्यासाबद्दल तक्रार करतात आणि लारा खुणांच्या भाषेत आईला भलतंच सांगते. घराची सगळी भिस्त एका शाळकरी पोरीवर. हीच पोर पुढे लिंक यांच्या सिनेमात देश बदलून येत राहिली, असं मला वाटतं. नव्या देशात आलेल्या कुटुंबात हेच घडतं. दवाखान्यात, कचेरीत, घरमालकापुढे मूल बोलतं आणि बाप शेजारी गप्प उभा असतो. स्थलांतर करून आपल्याकडे आलेल्या मजुरांच्या घरांत, आपल्या मराठी शाळांमध्ये हे रोज दिसतं. शिक्षकांनी पालकसभेत जरा लक्ष देऊन पाहावं.

लिंक यांचाच ‘नोव्हेअर इन आफ्रिका’ २००१चा. परभाषेतल्या उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला २००३ साली मिळालं. आधार स्टेफनी झ्वाइग यांच्या आत्मचरित्रपर कादंबरीचा. हा थोरल्या मुलांसाठीचा चित्रपट आहे. त्यात पतिपत्नीच्या सहवासाची उघड दृश्यं आहेत, तेव्हा पालकांनी आधी स्वतः पाहून ठरवावं. १९३८ साली वॉल्टर रेडलिश हा ज्यू वकील केनियात शेतावर काम करतो आहे आणि मागून बायको येटल व लहानगी रेगिना येतात. येताना शीतपेटी घेऊन ये, असं त्यानं कळवलेलं असतं. येटल त्या पैशांतून संध्याकाळच्या मेजवानीत घालायचा उंची पोशाख आणते. रखरखीत माळावरच्या झोपडीत तो पोशाख पेटीतून निघतो तेव्हा नवऱ्याचा संताप समजतो आणि तिचीही कीव येते. आपण कुठे आलो आहोत हे तिनं अजून मनानं मान्यच केलेलं नाही. तिकडे वॉल्टर आपला वकिलीचा काळा झगा स्वयंपाकी ओवूरला देऊन टाकतो. इथं त्याचा उपयोग नाही, हे त्यानं ओळखलंय. एका पोशाखातून आणि एका झग्यातून दोन माणसांचे स्वभाव कळतात, त्यासाठी भाषण लागत नाही.

रेगिनाला यातलं काही जड जात नाही. ती ओवूरचा हात धरते, त्याची भाषा शिकते आणि पाहता पाहता ते घर तिचं होतं. पंचाईत नंतर होते. युद्ध संपतं, वडिलांना जर्मनीत न्यायाधीशाची जागा मिळते आणि ते परत जायचं म्हणतात. वडिलांना मायदेशी परतायचंय, मुलीला मात्र तो दुसऱ्यांदा देश सोडणं वाटतं. या चित्रपटाविषयी माझी एक नाराजी आहे. ओवूर प्रेमळ आहे, शहाणा आहे, पण त्याचं स्वतःचं घर, त्याची बायकामुलं आपल्याला जवळून भेटत नाहीत. तोही इंग्रजांच्या राज्यात आपल्याच भूमीवर नोकर आहे. जिथं आसरा मिळतो ती जमीनही कुणाची तरी असते आणि आसरा देणाऱ्याचीही एक कथा असते. मुलांना चित्रपट दाखवून झाला की हा प्रश्न मी हमखास विचारते.

फिनलंडचे क्लाउस हॅरो यांचा २००५चा ‘मदर ऑफ माइन’ मला या सगळ्यांत सर्वांत धीट वाटतो. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमधून सुमारे ७० हजार मुलं स्वीडनला पाठवली गेली. मुलं सुरक्षित राहावीत, पोटभर जेवावीत, हा हेतू. चित्रपटातल्या एरोचे वडील रणांगणावर मारले गेले आहेत. आई त्याला गळ्यात चिठ्ठी अडकवून पाठवते. स्वीडनमधल्या शेतकऱ्याच्या घरी सिग्ने नावाची जी बाई त्याला घेते, तिला मुलगा नको असतो, मुलगी हवी असते. तिची स्वतःची लेक पाण्यात बुडून गेलेली आहे. सुरुवातीचा तिचा कोरडेपणा असह्य आहे. मग हळूहळू, कामाच्या धबडग्यात, रागावण्यातून आणि जेवू घालण्यातून ती त्याची आई होते. आणि तेव्हाच खऱ्या आईकडून बोलावणं येतं. परत गेलेला एरो आपल्या जन्मदात्रीशी मन मोकळं करू शकत नाही. ते व्हायला तो साठीला यावा लागतो.

एवढ्या लांबवर जायचं धैर्य मुलांच्या सिनेमात क्वचित दिसतं. मूल सुखरूप राहिलं म्हणजे सगळं ठीक झालं, असं मोठ्यांना वाटतं. एरोला जेवण मिळालं, गादी मिळाली, माया मिळाली, आणि तरी त्याचं आपल्या आईशी असलेलं नातं मोडलं. ते कुणाच्या दुष्टपणानं मोडलं नाही. सगळ्यांनी चांगल्या मनानंच केलं होतं.

फ्रान्सच्या फ्लोरन्स मिआय यांनी २०२१ साली काचेवर रंगवून केलेला ‘द क्रॉसिंग’ अशा देशात घडतो ज्याला नाव नाही. मिआय यांच्या घराण्यात ओडेसाहून जीव मुठीत धरून निघालेले पूर्वज होते. कॅमेऱ्याखाली काचेवरचं ओलं चित्र पुसत पुसत पुढचं काढायचं, अशी ही पद्धत. त्यामुळे आधीच्या चित्राचे पुसट डाग पुढच्या चित्रात राहतात, आणि आठवणीही अशाच राहतात हे मुलांना न सांगता दिसतं. पॅडिंग्टन अस्वलाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९५८ साली आलेली ही गोष्ट मायकेल बाँड यांनी लिहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गळ्यात चिठ्ठी लावून रेल्वे फलाटावर उभी असलेली युद्धकाळातली मुलं होती. अस्वलाचे मित्र ग्रूबर हे हंगेरीहून आलेले निर्वासित आहेत. २०१४च्या चित्रपटात ग्रूबर आपण लहानपणी गाडीत बसून परक्या देशात कसे आलो ते दोन वाक्यांत सांगतात. युद्धाच्या आधीच्या महिन्यांत जवळजवळ १० हजार मुलं अशी ब्रिटनला पोहोचली होती. पाचसहा वर्षांच्या मुलांना हा विषय सांगायचा तर मी पॅडिंग्टनपासून सुरुवात करीन.

आता कोल्हापूर. १९३९च्या सप्टेंबरात सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. १९४० आणि १९४१ साली तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेली. हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर त्यांना सोडण्यात आलं. त्यातले वाचलेले लोक इराणमार्गे बाहेर पडले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला, ती हकीकत थोडीफार माहीत झाली आहे, तिच्यावर माहितीपटही निघाला. पण कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, नाटकं, बालवीरांचे मेळावे, सगळं तिथं होतं. बाप्यांतले अनेक जण जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यात लढत होते आणि बायका पंचगंगेच्या काठी त्यांच्या पत्रांची वाट पाहत होत्या. युद्ध संपलं तेव्हा ज्या गावांतून त्यांना उचललं होतं ती सोव्हिएत संघात गेलेली होती. परतायला घर उरलं नव्हतं. कुणी ब्रिटनला गेलं, कुणी नव्या पोलंडमध्ये, कुणी आणखी दूर. काही जण इथल्याच मातीत आहेत. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ आपण येताजाता पाहतो.

पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. पोलिश माणसं गेली आणि त्याच जागेत सिंध सोडून आलेली कुटुंबं राहायला आली. फाळणीनं त्यांचं घर नेलं होतं. आज कापड खरेदीला आपण ज्या गांधीनगरला जातो, ते हेच. एकाच जागेनं पाचसहा वर्षांत दोन वेगळ्या खंडांतल्या उखडलेल्या माणसांना छप्पर दिलं. असं ठिकाण जगाच्या पाठीवर फार थोडं असेल, आणि ते आपल्या रेल्वे मार्गावर आहे.

यावर मुलांचा चित्रपट व्हावा अशी माझी फार इच्छा आहे. त्यात आगगाडीतून उतरण्याचा प्रसंग पाच मिनिटांत आटपावा आणि उरलेला वेळ वळिवड्याच्या दिवसांना द्यावा. नऊ वर्षांची पोलिश मुलगी बाजारात भाव करायला शिकते आणि आई तिच्या मागे उभी राहते. पहिला पाऊस कौलांवर पडतो. भाजी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचंही एक घर असतं, त्याच्या आईलाही या परक्या बायकांविषयी काही वाटत असतं, आणि ते आपल्याला दिसतं. मग एके दिवशी त्या मुलीला सांगितलं जातं की, आता इथूनही निघायचंय. रिकाम्या झालेल्या बराकीत दुसरी एक मुलगी येते, सिंधी बोलणारी.

पटकथा लिहिणाऱ्या तरुणांनो, हे काम तुमचं आहे. पण त्याआधीचं काम आपल्या सगळ्यांचं आहे आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. वळिवड्याची छावणी ज्यांनी लहानपणी पाहिली ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. सिंधहून मुलं म्हणून आलेले गांधीनगरातले आजोबा-आजी ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असं कुणी असेल तर या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांनी काय सोबत आणलं, काय मागे राहिलं, शाळेत पहिल्या दिवशी काय झालं, आईला मराठी कधी आलं, हे विचारा. फोनवर ध्वनिमुद्रण करा, वहीत लिहा, तारीख घाला. आणि त्याची एक प्रत इथल्या वाचनालयात आणून द्या.